पुरावा प्रतिवादीच्याच कपाटात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारागृहात मारहाण झाली किंवा वेळेवर उपचार मिळाले नाहीत, म्हणून एखाद्या बंद्याने शासनाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला, तर त्याचा जवळजवळ सगळा पुरावा प्रतिवादीच्याच कपाटात असतो. तुरुंगातील दवाखान्याची नोंदवही, शिक्षेची नोंदवही, बराकीबाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्रण, यांपैकी काहीही वादीच्या हाती नसते. यवतमाळ जिल्ह्यात दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी करताना असे दावे साक्षीपुराव्याच्या कितीतरी आधी कागदांवरून अडलेले मी पाहिले आहेत.

कायदा तोकडा आहे असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११, नियम १२ प्रमाणे आपल्या ताब्यात कोणते दस्तऐवज आहेत हे प्रतिपक्षाला शपथेवर सांगायला लावता येते. तो हुकूम पाळला नाही, तर नियम २१ खाली त्याचा बचावच काढून टाकता येतो. प्रत्यक्षात अर्जावर ‘सरकार पक्षाने म्हणणे द्यावे’ एवढा हुकूम होतो, म्हणणे यायला चार तारखा जातात (वेचणीचा रोज बुडवून आलेली बंद्याची आई त्या प्रत्येक तारखेला व्हरांड्यात बसलेली असते), आणि शेवटी ‘सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते. एका दाव्यात नोंदवहीची झेरॉक्स दाखल झाली, तिच्यात बंद्याला दवाखान्यात नेल्याच्या वेळेचा रकानाच नेमका कापला गेला होता. मूळ नोंदवही मागवण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा म्हणणे.

सुरक्षेचा आक्षेप प्रत्येक वेळी खोटा असतो असे मी म्हणणार नाही. पहाऱ्याच्या वेळा किंवा इतर बंद्यांची आजारपणे चव्हाट्यावर येऊ नयेत, हे रास्तच आहे. परंतु त्यासाठी न्यायाधीशांनी कागद आधी स्वतः पाहावेत आणि नको तो भाग झाकून बाकीचा वादीला द्यावा. १९८१ च्या एस. पी. गुप्ता प्रकरणात न्यायाधीशांच्या नियुक्तीसंबंधीचा सरकारी पत्रव्यवहारसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने उघड करायला लावला होता. त्यापुढे दवाखान्याची नोंदवही ती काय!

चित्रणाचा प्रश्न याहून बिकट आहे. शासनावर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते, आणि जुन्या चित्रणावर नवे चढत जाते ते नोटिशीची मुदत संपण्याची वाट पाहत नाही. तातडीच्या दादेसाठी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावण्याची सोय कलम ८०(२) मध्ये आहे, पण ती फारसे कोणी वापरत नाही. कोठडीतील व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. त्या वकिलाने दाव्यासोबतच चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्यावा आणि न्यायालयाने त्यावर म्हणण्याची वाट न पाहता हुकूम करावा. त्यानंतरही ‘चित्रण उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर दडवलेला पुरावा दडवणाऱ्याच्या विरुद्धच जाणारा होता असे गृहीत धरण्याची मुभा साक्षीच्या जुन्या कायद्यात होती, २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. ती वापरण्यास न्यायालयांनी कचरू नये. कारागृह विभागानेही, मारहाणीची तक्रार आली की त्या दिवसाचे चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून जिल्हा न्यायालयाकडे पाठवावे, असे परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक
घाटंजी, जि. यवतमाळ