चौसष्टाचे पासष्ट होत नाहीत

रविवारच्या पुरवणीतील '६४ = ६५' हे कोडे आवडले: ८ × ८ चा चौरस दोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन अशा चार तुकड्यांत कापायचा आणि ते जोडून १३ × ५ चा आयत करायचा; पण त्याखालचे 'इथे गणित हरते' हे वाक्य खटकले. नातीने आलेख-कागदाचा ८ सेंटीमीटरचा चौरस कापून चारही तुकडे १३ × ५ च्या आयतात मांडले, तेव्हा कर्णालगत जेमतेम सव्वा मिलिमीटरची फट राहिली. त्रिकोणाच्या तिरक्या बाजूचा चढ ३/८, म्हणजे ०.३७५, समलंब चौकोनाच्या तिरक्या बाजूचा २/५, म्हणजे ०.४. तेव्हा कर्ण सरळ नाहीच! तो जादा एक चौरस सेंटीमीटर या फटीतच पसरलेला असतो. छापील चित्रातील जाड रेघेने नेमकी तीच झाकली. गणिताचा धसका मुलांना आधीच असतो. पुढच्या रविवारी बारीक रेघेची आकृती कारणासह छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, कोथरूड, पुणे