कमळ म्हणून कुमुद

संपादक महोदय,

लक्ष्मीपूजन जवळ आले की पंचवटीपासून सिडकोपर्यंत फुलवाल्यांच्या टोपल्यांत ‘कमळे’ दिसू लागतात. त्यांतली बरीचशी असतात कुमुदे, म्हणजे वॉटर लिली. दिवाळी पुरवण्यांतही लक्ष्मीच्या पायाशी पुष्कळदा कुमुदच छापलेले असते. संस्कृत कवींनी कमळ सूर्याला दिले आणि कुमुद चंद्राला; आपण मात्र दोन्ही एकाच भावात विकतो.

फूल घेताना मधोमध बघावे. कमळात पिवळसर, झारीच्या तोंडासारखी भोकाभोकांची कर्णिका असते, कुमुदात नसते. पान सोबत असेल तर काम आणखी सोपे. कमळाचे पान सलग गोल असते, देठ बरोबर मध्यावर आणि पान पाण्याच्या वर उभे. कुमुदाचे पाण्यावर पसरलेले असते आणि त्याला कडेपासून देठापर्यंत चीर असते. कमळाचा देठ मोडून हळूच ओढला की कोळिष्टकासारखे तंतू निघतात.

हा फरक नुसता वनस्पतिशास्त्राचा नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायातली ‘पद्मपत्रमिवाम्भसा’ ही उपमा कमळाच्या पानावरच उभी आहे. त्यावर मेणचट, डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यामुळे थेंब टेकत नाही, पाऱ्यासारखा घरंगळतो. कर्णिकेत तर फूल उमललेले असतानाच पुढच्या बियांची घरे तयार असतात. सृष्टी घडवणाऱ्या ब्रह्मदेवाला हेच आसन का दिले असेल, ते तिथे बघून कळते.

कुमुद वाहू नये असे मुळीच नाही. ज्याला नीलकमळ म्हणतात तेही कुमुदाच्याच जातीचे. खऱ्या कमळात निळा रंग नसतो. पण कमळाचे पैसे कशाला मोजायचे?

कळी घेताना घट्ट, हिरवट घेऊ नये, ती उमलत नाही. फुगीर, टोकाशी सैल झालेली घ्यावी. देठाला आतून पोकळ नळ्या असतात. त्यांत हवा शिरली की फूल माना टाकते, म्हणून घरी आणल्यावर बोटभर देठ पाण्यात बुडवूनच तिरका कापावा. पूजा संध्याकाळी आणि कमळ दुपारनंतर मिटणारे, ही खरी अडचण. त्यासाठी बाहेरच्या पाकळ्यांची टोके एकेक करून अलगद आत दुमडावीत, म्हणजे फूल उघडे दिसते. पाकळ्या चोळून उघडल्या तर चोळलेल्या जागी काही तासांत काळ्या पडतात.

यंदाच्या पुरवणीत चित्र निवडताना कर्णिका दिसते का, एवढे कृपया पाहावे.

– दोन वनस्पती अभ्यासक, नाशिक