बोटाएवढ्या बाबांची शाई

आदरणीय काका,
सा. न.

श्रावणातल्या भर पावसात, मिठाईच्या खोक्यात कापसावर झोपवलेला बोटाएवढा माणूस घेऊन फोर्टातल्या तुमच्या दुकानात आलेला, तो मी. नाव तुम्ही विचारलं नाहीत, मीही तुमचं विचारलं नाही. म्हणून हे उघडं पत्र. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. १५ सप्टेंबर २०२३ ला डिझेलवरची शेवटची डबल डेकर धावली, तेव्हा ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. १९३७ सालापासूनची गाडी. "माझ्यापेक्षा मोठी होती," एवढंच म्हणाले. मी त्याच दिवशी ठरवलं की पंचाहत्तरीला त्यांना त्यांचाच छोटा पुतळा द्यायचा, खाकी कपड्यांतला, खांद्याला पैशांची बॅग, हातात पंच. माप १:३५, म्हणजे जेमतेम पाच सेंटीमीटर. महायुद्धातल्या एका मॉडेल-सैनिकाची बंदूक कापून काढली, पुट्टीची बॅग केली. रंगाशी येऊन गाडी अडली.

तुमच्याआधी तीन दुकानं झाली होती. एकाने "अ‍ॅक्रिलिकच आहे, डोळे झाकून न्या" म्हणत जी तपकिरी शाई गळ्यात मारली, ती निघाली साध्या डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची. वाळल्यावर दिसली झकास. पण वरून पाण्यावरचं व्हार्निश फिरवलं मात्र, ब्रशबरोबर भुवया विरघळून गालांवर उतरल्या. बाबा रडल्यासारखे दिसायला लागले. बाटली परत घेऊन गेलो तर वर ऐकून घ्यावं लागलं, "खेळण्याला एवढं काय हो?" दुसऱ्याने फाउंटन पेनची शाई पुढे केली. तिसऱ्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. त्याचा मला सगळ्यात कमी राग आहे.

तुम्ही आधी चष्मा काढलात, भिंग लावलंत आणि विचारलंत, "हे कोण?"

'हे काय' नाही. 'हे कोण'.

मी म्हटलं, "माझे बाबा." तुम्ही म्हणालात, "मग चेहऱ्यावर प्रयोग नकोत. आधी बॅगेवर बघू."

त्यानंतर तुम्ही जे शिकवलंत ते कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. बाटलीवरचं रंगाचं मोठं नाव वाचायचं नाही, मागची बारीक अक्षरं वाचायची, तिथे रंगद्रव्याचा नंबर असतो. पीआर १०१ म्हणजे लोहाचा तांबडा ऑक्साइड, आपल्या गेरूच्या घराण्यातला, उन्हाला दाद न देणारा. पीबीके ७ म्हणजे काजळी. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियमचा पांढरा. तो जड, तळाशी बसतो, हलवल्याशिवाय उघडायचा नाही. पारदर्शक शाई खालची सावली राखते, अपारदर्शक ती गिळून टाकते. आणि शंका आलीच तर एक थेंब कार्डावर टाकायचा, पुरता वाळू द्यायचा, मग ओलं बोट फिरवायचं. तुम्ही माझं बोट धरून फिरवलंत. डाग जागचा हलला नाही. बाहेर इतका दमट पाऊस होता की त्या एका थेंबासाठी आपण चहा संपेपर्यंत थांबलो, आणि तो चहाही तुमचाच.

मी पाकीट काढलं. तुम्ही म्हणालात, "अख्खी बाटली कशाला? तुमचा माणूस केवढा, बाटली केवढी!" आणि गल्ल्याखालून होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली काढून स्वतःच्या वापरातली शाई त्यात ड्रॉपरने मोजून भरलीत. तोंड फडक्याने पुसलंत. मग चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनने लिहिलंत. मला वाटलं रंगाचं नाव लिहाल, नाहीतर तो नंबर. तुम्ही लिहिलंत: 'बाबा'.

काका, मी दुकानातून बाहेर पडलो ते छत्री न उघडताच. गिऱ्हाईक उभं असताना वीस मिनिटं दुसऱ्याच्या बापाला देणं हे कुठल्या धंद्यात बसतं, मला माहीत नाही. पण ह्या शहरात अशी माणसं काउंटरमागे बसलेली असतात, सुटे पैसे मोजत. तीन दारांवरून परत फिरल्यावर चौथं ठोठवायचं बळ राहत नाही, एवढीच गोम आहे. त्या दिवशी मीही घरीच निघालो होतो. पाऊस वाढला म्हणून आडोशाला तुमच्याकडे शिरलो.

पुतळा झाला. भुवया जागेवर आहेत. शाई वाळून जरा चकाकली होती, मॅट व्हार्निशने ती चकाकी बसली. बाबांनी तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बॅग ह्या खांद्याला नव्हती."

तेव्हा बॅग उतरवावी लागणार. बाटलीत अजून अर्धी शाई आहे, ती पुरेल. शनिवारी बाबांना घेऊन येतो. कोणता खांदा ते तेच तुम्हाला सांगतील.

आपला,
खोकेवाला