बाबांचा प्रश्न : चांगला टाकणाऱ्याला मध्येच का काढतात?

नोव्ही, मिशिगन
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलेत, की बेसबॉलमध्ये जो गोलंदाज समोरच्यांना धावच करू देत नाही, त्याला नऊ डावांच्या सामन्यात सहा-सात डावांनंतर काढून का घेतात आणि एकदा काढल्यावर पुन्हा का आणत नाहीत. प्रश्न रास्त होता आणि चार वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. शिवाय बुधवारी डेट्रॉइटचा पिचर (इथे गोलंदाजाला पिचर म्हणतात) तारिक स्कूबल याला अमेरिकन लीगचा, म्हणजे इथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीतल्या सर्वोत्तम पिचरचा, साय यंग पुरस्कार जाहीर झाला आणि मत देणाऱ्या तिसांच्या तिसांनी त्यालाच पहिल्या क्रमांकावर ठेवले. तेव्हा डेट्रॉइट टायगर्सच्या या हंगामाविषयी तुम्हा दोघांना नीट सांगायला याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

तुमचा आक्षेप बापू नाडकर्णींच्या आधारावर होता. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव टाकली, त्यांतही २१ सलग, आणि दिल्या अवघ्या ५ धावा. नाशिकच्या माणसाची ही कामगिरी तुम्ही मला लहानपणापासून सांगत आला आहात. ३२ षटके म्हणजे १९२ चेंडू होतात आणि इथे शंभराच्या आसपास चेंडू झाले की पिचरला माघारी बोलावतात, हे तुम्हाला खटकणे साहजिक आहे. परंतु नाडकर्णींची फिरकी आणि स्कूबलचा ताशी ९७ मैलांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने १५६ किलोमीटरचा चेंडू, यांत हाताकडून घेतले जाणारे काम फार निराळे आहे. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना वाकवलेले कोपर फारसे सरळ करता येत नाही आणि वेगवान गोलंदाजाच्या मदतीला त्याची धाव असते. पिचर मात्र मातीच्या उंचवट्यावर एका जागी उभा राहतो, कोपर वाकवून हात मागे नेतो आणि सगळ्या अंगाचा जोर त्या कोपरातून झटक्याने पुढे सोडतो. त्या झटक्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो, आणि तो तुटला की मनगटाजवळची किंवा मांडीमागची एखादी कंडरा काढून तिथे बसवावी लागते. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर प्रथम केली आणि ती आजही त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. त्यातून बरे व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते.

स्कूबलवर ही शस्त्रक्रिया २०१६ मध्ये, तो सिएटल विद्यापीठात शिकत असतानाच झाली. त्यामुळे २०१८ मध्ये संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत त्याचे नाव नवव्या फेरीत पुकारले गेले, तर त्याच वर्षी त्याच संघाने केसी माइझला सबंध देशात पहिला म्हणून निवडले होते. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये स्कूबलच्या त्याच डाव्या हातावर, या वेळी पुढच्या भागातल्या कंडरेवर, दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि तो जुलै २०२३ मध्ये मैदानावर परतला. अशा हाताकडून एका संध्याकाळी तीस चेंडू जास्त टाकून घेण्यात शहाणपण नाही, कारण एप्रिलमध्ये केलेली हाव सप्टेंबरमध्ये अंगाशी येते आणि मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर सामने असतात १६२.

दुसरे कारण फलंदाजांच्या बाजूने आहे. नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमाने येतात, बाद झाले तरी पुन्हा आपल्या पाळीला येतात, आणि तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की त्याचा हात कुठून सुटतो हे त्यांच्या नजरेत बसलेले असते. तिसऱ्या फेरीत फलंदाज अधिक चांगले खेळतात हे आकड्यांनी वारंवार दिसले आहे. आणि बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही हा खेळाचा नियमच आहे, त्यामुळे काढण्याची वेळ ठरवणे हेच व्यवस्थापकाचे सर्वांत अवघड काम होऊन बसते.

स्कूबलचा एक चेंडू मात्र मला तुम्हाला शेजारी बसवून दाखवायचा आहे. त्याला इथे चेंजअप म्हणतात. हात त्याच वेगाने येतो, खांदा तसाच वळतो, चेंडू हातातून सुटेपर्यंत तोच ९७ मैलांचा आहे असे फलंदाजाला वाटते, आणि प्रत्यक्षात तो दहा मैलांनी हळू येत उजव्या हाताने खेळणाऱ्यापासून बाहेर सरकत खाली बसतो. मी फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागच्या बाजूला बसले होते तेव्हा हे स्पष्ट दिसले: फलंदाजाची बॅट पुरती फिरून खांद्यावर जाऊन थांबली आणि त्यानंतर चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडला. श्रीरामपूरच्या झहीर खानचा हळू चेंडू तुम्हाला फार आवडायचा, म्हणून हा तुम्हाला नक्कीच पटेल. यंदा स्कूबलने ३१ सामन्यांत सुरुवात करून १९२ डाव टाकले, १८ सामने जिंकले, ४ हरला, २२८ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न बसू देताच बाद, केले आणि दर नऊ डावांमागे सरासरी २.३९ धावा दिल्या. विजय, स्ट्राइकआउट आणि ही सरासरी या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला आला. पूर्ण लांबीच्या हंगामात अमेरिकन लीगमध्ये असे याआधी २०११ मध्ये जस्टिन व्हर्लँडरने केले होते, तोही तेव्हा डेट्रॉइटचाच होता.

परंतु बाबा, स्कूबल पाच दिवसांतून एकदाच टाकतो, आणि मला तुम्हाला खरे सांगायचे आहे ते उरलेल्या चार दिवसांविषयी. हंगामाच्या सुरुवातीला संघाजवळ पाच नेमलेले पिचर होते. त्यांतल्या केंटा माएदाकडून इथल्या जपानी कुटुंबांना फार आशा होती. नोव्हीत ती पुष्कळ आहेत आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा जपानी सहकारी त्याच्या प्रत्येक सामन्याची वाट पाहायचा. माएदाची सरासरी सहाच्या वर गेली आणि त्याला मुख्य पिचरांतून हलवावे लागले. माइझच्या मांडीचा स्नायू दुखावला, रीस ओल्सनचा खांदा दुखू लागला, आणि ३० जुलैला, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, संघाने जॅक फ्लॅहर्टीला लॉस एंजलिस डॉजर्सना देऊन टाकले. १० ऑगस्टला टायगर्सचे ५५ विजय आणि ६३ पराभव झाले होते. इथल्या बहुतेकांनी हंगाम संपला असे धरले आणि गप्पा फुटबॉलकडे वळल्या.

त्यानंतरच्या ४४ सामन्यांत या संघाने ३१ जिंकले. व्यवस्थापक ए. जे. हिंच आणि पिचिंगचे प्रशिक्षक क्रिस फेटर यांनी स्कूबल आणि केइडर मोंटेरो सोडून बाकीच्या दिवशी मुख्य पिचर ही कल्पनाच बाजूला ठेवली. पहिला डाव एकाने टाकायचा, प्रतिस्पर्ध्यांचे सर्वांत तगडे तीन-चार फलंदाज त्यानेच पार करून द्यायचे, मग दुसऱ्याने येऊन तीन-चार डाव काढायचे, आणि पुढे डाव्या हाताच्या फलंदाजापुढे डावखुरा व उजव्यापुढे उजवा अशा क्रमाने एकेकाने येऊन आपले काम करून जायचे. लग्नाच्या पंगतीत एक वाढपी मिठापासून मठ्ठ्यापर्यंत सगळे वाढत नाही, प्रत्येकाच्या हातात एकच भांडे असते, तरी पान वेळेवर भरते. तसेच हे होते. हिंच या पद्धतीला पिचिंगचा गोंधळ म्हणायचे, पण मला त्यात विलक्षण शिस्त दिसली. तुम्ही मला क्रिकेटची गुणवही भरायला शिकवलीत, तशी मी इथे बेसबॉलची भरते, आणि पिचरांच्या नावांसाठी छापलेल्या ओळी मला ऑगस्टपासून पुरेनाशा झाल्या.

या माणसांत कोणाचेही नाव मोठे नव्हते. टायलर होल्टन हा डावखुरा अॅरिझोनाच्या संघाने सोडून दिल्यावर २०२३ मध्ये इथे आला होता. यंदा तो ६६ सामन्यांत आला आणि त्याची सरासरी २.१९ राहिली. कधी पहिला डाव, कधी सातवा, कधी शेवटचा, आज आपली पाळी केव्हा येणार हे त्याला अनेकदा सामना सुरू झाल्यावरच कळे. बो ब्रिस्की २०१९ च्या निवडीत सत्ताविसाव्या फेरीत आला होता. आता ती निवड विसाव्या फेरीतच संपते, म्हणजे आज असता तर त्याला कोणी बोलावलेही नसते. ब्रँट हर्टरने तर पहिला सामनाच ऑगस्टमध्ये खेळला. स्कूबलचे कौतुक जगाने केले आणि ते योग्यच झाले. पण माझ्या मते संघ तरला तो या मुलांनी मान आणि क्रम यांचा हट्ट धरला नाही म्हणून. आपण कितवे येणार याची फिकीर न करता रोज हात मोकळा करून तयार बसणे हे मला पुरस्काराइतकेच मोठे वाटते.

आई, तुझा प्रश्न मोंटेरोविषयी होता: त्याला टोलीडोला परत पाठवले म्हणजे कामावरून काढले का? नाही, काढले नव्हते. ओहायोतले टोलीडो इथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिथला मड हेन्स हा संघ टायगर्सच्या लगेच खालच्या पायरीवरचा आहे. मोंटेरो व्हेनेझुएलाचा. यंदा मे महिन्यात तो पहिल्यांदा वर आला, परत खाली गेला, पुन्हा वर आला. वर असताना २०२४ च्या, म्हणजे वर्षाला किमान ७ लाख ४० हजार डॉलरच्या, दराने दिवसांचा हिशेब झाला आणि खाली गेले की मिळकत एकदम घटते, म्हणून तुझी काळजी अगदी बरोबर होती. आज सामान डेट्रॉइटला सोडायचे की टोलीडोला, हेच अशा मुलांना ठाऊक नसते. १० सप्टेंबरला, तुमच्याकडे गौरी आल्या त्याच तारखेला, मोंटेरोने इथे कोलोरॅडोविरुद्ध नऊच्या नऊ डाव एकट्याने टाकले, ९६ चेंडूंत आणि एकही धाव न देता. टायगर्स ११-० ने जिंकले. बाबा, हे तुमच्या नाडकर्णींच्या जातीचे काम होते. सगळीकडे पाच-सहा जण मिळून एक सामना काढत असताना तो चोवीस वर्षांचा मुलगा शेवटपर्यंत उभा राहिला आणि त्या दिवशी त्याला काढण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसेल.

२७ सप्टेंबरला शिकागो व्हाइट सॉक्सना ४-१ ने हरवून टायगर्स २०१४ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचले. ह्यूस्टनला पहिल्या सामन्यात स्कूबलने सहा डावांत एकही धाव दिली नाही, आणि तुम्ही विचारलेत ते हेच काढणे. दुसऱ्या सामन्यात सात पिचरांनी मिळून काम केले आणि मालिका जिंकली. पुढे क्लीव्हलँडविरुद्ध पहिला सामना ७-० ने गेला. दुसऱ्यात स्कूबलने सात डाव कोरे ठेवले आणि नवव्या डावात केरी कार्पेंटरच्या फटक्याने ३-० असा विजय मिळाला. तिसऱ्यातही प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव मिळाली नाही. चौथा एका धावेने गेला.

पाचवा, निर्णायक सामना दसऱ्याच्या दिवशी होता. चेंडू पुन्हा स्कूबलच्या हाती होता आणि या सामन्याच्या चौथ्या डावाअखेरपर्यंत बाद फेरीत त्याने सलग १७ डाव धाव दिली नव्हती. टायगर्स १-० ने पुढे असताना पाचव्या डावात तिन्ही बेस भरले, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर क्लीव्हलँडचे खेळाडू उभे राहिले, होजे रामिरेझला चेंडू अंगावर लागल्याने बरोबरीची धाव गेली, आणि पुढच्याच चेंडूवर लेन थॉमसने तो सीमेपार मारून एकदम चार धावा वसूल केल्या. हंगाम तिथेच संपला. सामना ७-३ ने गेला. तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे बारा वाजून गेले असतील, तरी तुम्ही जागे होतात आणि लगेच फोन करून म्हणालात, की आता मात्र काढायला हवा होता. बाबा, मला तसे वाटत नाही. सहा महिने ज्याने संघाला पुढे नेले, त्याच्याच हाती तो डाव ठेवणे योग्य होते, आणि थॉमसने तो चेंडू उत्तम ओळखला. हिंच यांच्या जागी मी असते तरी त्याला तिथेच उभे ठेवले असते.

टायगर्सचा नवा हंगाम २७ मार्चला लॉस एंजलिसला, यंदाच्या विजेत्या डॉजर्सविरुद्ध सुरू होईल. तुम्ही दोघे मे महिन्यात येणार असाल तर विमानाची तिकिटे जानेवारीतच काढावीत असे मला वाटते. स्कूबलची पाळी कोणत्या दिवशी येईल हे चार-पाच दिवस आधीच कळते, म्हणून डेट्रॉइटच्या सामन्याची तिकिटे तुम्ही आल्यावर काढू. बाबांच्या गुडघ्यांना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत आणि डोक्यावर सावली राहील अशा जागा मी पाहून ठेवल्या आहेत. आईसाठी टोलीडोचा एक दिवस वेगळा ठेवला आहे, तिथे मैदान लहान आहे आणि मुले अगदी जवळून दिसतात. बाबांनी रक्ततपासणीचा अहवाल आला की मला त्याचा फोटो पाठवावा आणि आईने थंडीत पहाटे बाहेर पडताना कानाला बांधावे.

कळावे.

तुमची लेक