उसाच्या फडातून आईला परत आणणाऱ्या हवालदार साहेबांस

आदरणीय हवालदार साहेब,

सादर प्रणाम. आपले नाव कोठेही छापू नये अशी आपली इच्छा असल्यामुळे हे पत्र बिननावाचे जात आहे. पण कृष्णाकाठच्या आमच्या गावात ते जो कोणी वाचेल, त्याला ते कोणासाठी आहे हे सांगावे लागणार नाही. गेल्या कार्तिकात आपण आणि आपली डॉबरमन कुत्री माझ्या आईला, जिला अलीकडे स्वतःचे घरही ओळखू येत नाही, उसाच्या फडातून जिवंत परत घेऊन आलात. त्यानंतर अनेकदा लिहायला बसले आणि डोळे भरून आल्यामुळे कागद बाजूला ठेवला. आजही मन पुरते स्थिर झालेले नाही, परंतु याहून अधिक उशीर करणे मला बरे वाटत नाही.

आपल्याआधी आम्ही ज्या दारात गेलो, ते दार कोणते हे मी लिहिणार नाही. तेथे आम्हाला चोवीस तास थांबायला सांगितले गेले. म्हातारी माणसे अशी जातात आणि आपणहून येतात, पाहुण्यारावळ्यांकडे फोन करून पाहा, असे समोरच्या व्यक्तीने मान वर न करता सुनावले. हरवलेल्या माणसाची नोंद करण्यासाठी चोवीस तास थांबले पाहिजे, अशी कोणतीही अट कायद्यात नाही. हे सांगणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते, आणि ठाऊक असूनही त्याने तसे सांगितले असेल तर ते अधिकच वाईट. माणसाच्या अंगावरून सतत गळणाऱ्या त्वचेच्या बारीक कणांवर श्वानाचा माग बहुतांशी अवलंबून असतो. कडक ऊन आणि वारा तो माग विरळ करतात, आणि शोधायला धावलेल्या गर्दीची पावले त्यात आणखी शेकडो वास मिसळतात. ज्यांनी आम्हाला थांबवले, त्यांनी माझ्या आईचा माग पुसायला वेळ दिला, असेच मी आजही मानते.

गावाने तोपर्यंत ठरवून टाकले होते की ती नदीवर गेली. घाटावर माणसे गोळा झाली होती, नाव आणि गळ आणायला कोणी धावले होते, आणि काही जण माझ्या भावाशी अशा सुरात बोलू लागले होते, जो सूर मेलेल्या माणसाच्या घरीच लागतो. अशा वेळी आपण आलात आणि सर्वांत आधी आईच्या उशीचा अभ्रा मागितलात. कोणीतरी कपाटातून तिची स्वच्छ धुतलेली साडी काढून दिली होती, ती आपण शांतपणे परत केलीत. अभ्र्याला आमच्यापैकी कोणालाही हात लावू न देता तो आपण स्वतः कोऱ्या पिशवीत घेतलात. घरातल्या आम्हा सर्वांना अंगणात उभे करून डॉबरमनला आमच्याजवळून फिरवलेत, म्हणजे त्या अभ्र्यावरच्या अनेक वासांपैकी जो वास अंगणात नाही, तोच शोधायचा आहे हे तिला उमगले. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात आणि कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक, हे मी पुढे वाचले; पण त्या सकाळी मला दिसले ते एवढेच की एक मुका जीव माझ्या आईला आमच्या सगळ्यांतून वेगळी काढत होता.

डॉबरमनने नदीकडे पाठ फिरवली. पाणंदीने जाऊन ती उसाच्या कडेला थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. वर्तमानपत्रांत नेहमी येते तसे ‘श्वान तेथेच घुटमळले’ हे वाक्य माझ्या मनात येऊन गेले आणि माझे पाय गळाले. मागून मोठमोठे आवाज येत होते की कुत्रे चुकले आहे, ह्या भागात बिबट्या आहे, त्याच्या वासाने ते बिथरले असेल. आपण दोर थोडा सैल सोडलात आणि कोणाकडेही न पाहता म्हणालात, “ती म्हणंल तिकडंच जायाचं.” रात्री थंड झालेली हवा सखल जागी उतरते आणि वासही आपल्याबरोबर खाली नेते, दंव पडलेल्या सरीत तो साचून राहतो. दोन पुरुष उंचीच्या त्या फडात माणसाला हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. जिथे आमचे सगळे डोळे निकामी होते, तिथे तिला वाट सापडली.

आई पाटाच्या कडेला बसलेली होती. पाचोळ्याने हात-तोंड ओरबाडलेले, एका पायात चप्पल नाही, आणि आम्हा सर्वांना पाहून ती घाबरून मागे सरकू लागली. मी धावणार होते. आपण हाताने मला थांबवलेत, डॉबरमनला खाली बसवलेत आणि स्वतःही त्या ओल्या मातीत, गणवेशासकट, आईपासून थोड्या अंतरावर बसलात. मग आपल्याजवळची पाण्याची बाटली तिच्यापुढे धरून म्हणालात, “मावशी, हिला लई तहान लागलीया. माझ्या हातनं पीत न्हाय ती. तुमी पाजता का जरा?”

आईने बाटली घेतली. तिने ओंजळीत पाणी ओतून त्या कुत्रीला पाजले, नंतर तिच्या डोक्यावरून हात फिरवत, “दमलीस गं बाय,” असे म्हटले, आणि उरलेले पाणी स्वतः प्यायली. मग आपण तिला विचारलेत की हिला सावलीत न्यायचे आहे, तुम्ही सोबत येता का. जन्मभर दारात आलेल्या कोणालाही पाण्यावाचून परत न पाठवलेली माझी आई त्या दोराचे एक टोक धरून फडातून चालत बाहेर आली. काठावर जमलेल्या गावाला दिसले ते असे की ती एका दमलेल्या जनावराला घेऊन येत आहे.

हवालदार साहेब, माझ्यावर ऋण आहे ते “तुमी पाजता का जरा?” ह्या वाक्याचे. माग काढणे हे आपल्या आणि आपल्या डॉबरमनच्या शिक्षणाचे फळ आहे, आणि त्या शिक्षणाबद्दल मला अपार आदर आहे. पिल्लू असताना ओळखीचा माणूस झाडामागे लपतो आणि सापडला की चेंडू मिळतो, इथून सुरू होऊन अनोळखी माणसे, जुने होत गेलेले माग, एकमेकांना छेदून जाणारे वास अशा पायऱ्या चढत महिनोन्‌महिने ती विद्या रुजवावी लागते, आणि शिकून झाल्यावरही सरावाचा खंड तिला सोसत नाही. पुण्याच्या शिवाजीनगरला किंवा ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला ही विद्या शिकवणारे लोक आहेत याचा मला अभिमान वाटतो. परंतु भेदरलेल्या म्हाताऱ्या बाईला ‘सापडलेली वस्तू’ होऊ द्यायचे नाही, तिच्याकडून काहीतरी मागून तिला तिचा मान परत द्यायचा, हे आपल्याला कोणत्या तुकडीत शिकवले गेले असेल असे मला वाटत नाही. ते आपल्या घरातून आले असावे, आणि ज्या माउलीने आपल्याला वाढवले तिलाही माझा नमस्कार पोहोचवावा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) ज्युली आणि रोमिओ या श्वानांनी ढिगाऱ्याखालच्या सहा वर्षांच्या मुलीचा ठाव लावला, तेव्हा सगळ्या देशाने त्यांचे कौतुक केले आणि ते योग्यच झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतील श्वान पथके मात्र रात्री-अपरात्री निघतात, चिखलात चालतात, अनेकदा फार उशिरा बोलावली जातात, आणि परत जाताना त्यांना चहासुद्धा विचारला जात नाही. आपल्याला त्या दिवशी आमच्या घरी जेवायला थांबता आले नाही, कारण पुढचा फोन आलेला होता. जाण्याआधी मात्र बांधावर आपण डॉबरमनशी चेंडू खेळलात, मनापासून, कारण तिच्या लेखी तोच तिचा मोबदला होता, आणि तो न देता पुढे जाणे आपल्याला मान्य नव्हते. ज्या माणसाला कुत्रीचे देणे बुडवणे जमत नाही त्याच्यावर मी कशाच्याही बाबतीत विश्वास ठेवीन.

आईची तब्येत बरी आहे. तिला तो दिवस आठवत नाही, आपला चेहराही तिला आठवणार नाही. तरी दाराशी कुत्रे दिसले की ती पाण्याची वाटी मागते. तिच्या अंगावरचा एक कपडा आता न धुता बंद पिशवीत वेगळा ठेवतो आणि थोड्या-थोड्या दिवसांनी बदलतो, आपण सांगितल्याप्रमाणे. शेजारच्या दोन घरांत अशीच वयस्क माणसे आहेत, त्यांनाही ते करायला लावले आहे.

शेवटी एक विनंती. श्वानांच्या सरावाला नवी जमीन आणि अनोळखी माणसे लागतात, असे आपण बोलता-बोलता म्हणाला होतात. आमचा पंधरा गुंठ्यांचा खोडवा, पलीकडचा ओढा आणि भावाची आमराई आपल्या पथकासाठी केव्हाही मोकळी आहे. घरातली पोरे लपायला तयार आहेत, त्यांनी जागासुद्धा हेरून ठेवल्या आहेत. माघात ऊस तुटेल, तेव्हा त्याआधी एखादा रविवार ठरवून कळवावे. ह्या वेळी जेवण झाल्याशिवाय सोडणार नाही.

आपली कृतज्ञ,
कृष्णाकाठची एक लेक