सातबाऱ्यावर बोजा चढतो, मग पाणी का चढत नाही?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी चाळीसगावचा. परवानाधारक अभियंता म्हणून गेली एकतीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढतो. तालुक्याच्या गावात हा धंदा निम्मा अभियंत्याचा आणि निम्मा कारकुनाचा. चलन भरा, टपाल नोंदवा, साहेबांची सही कधी होते ते बघत व्हरांड्यात उभे राहा. त्याची तक्रार नाही. घरात पुराचं पाणी शिरण्याची शक्यता किती, या एका आकड्याबद्दल लिहितो आहे. तो आमच्या, म्हणजे माझ्या आणि तुमच्या खात्याच्या कागदांत असतो. ज्याचं घर त्याला मात्र कधीच कळत नाही.

३१ ऑगस्ट २०२१. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळला. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम गावात आल्या, तिकडे कन्नड घाटात दरडी पडून रस्ता बंद झाला. पाणी ओसरल्यावर मी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो. भिंतीवर खिडकीच्या चौकटीइतक्या उंचीवर गाळाची सरळ रेघ उमटली होती, ओळंबा आणि लेव्हल लावून मारावी तशी. आत गाद्या, गव्हाची कोठी, नातवाची पुस्तकं, सगळं एका रंगाचं. २००३ साली त्या घराचा नकाशा मीच काढला होता. प्लॉटच्या मागे नाला आहे हे मला दिसत होतं. ‘सर, जोतं दोन फूट वर घ्या,’ असं मी बोललोही होतो. त्यांनी खर्च विचारला, मी सांगितला, ते गप्प झाले, मीही गप्प झालो. नकाशा नियमात बसत होता. मंजूर झाला.

त्या दिवशी सर मला एक शब्दही बोलले नाहीत. शेजारची म्हातारी मात्र ओट्यावरचा गाळ खराट्यानं लोटता लोटता म्हणाली, ‘पानी तं येस, पन सांगाले कोनी येत नही.’

आता त्या आकड्याकडे येतो. आपल्याकडे नदीला दोन पूररेषा असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. रेषा जलसंपदा विभाग आखतो, तुमचा विभाग त्यावर बांधकामाचे नियम करतो. इथवर ठीक. पण ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हटलं की माणूस काय समजतो? २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत. नगरपालिकेतल्या जबाबदार माणसांच्या तोंडूनही मी हे ऐकलं आहे. पूर असा पाळीनं येत नसतो. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीचे चार कमी होत नाहीत.

आणि घर काही एका वर्षासाठी घेत नाहीत. गृहकर्जाचे हप्ते वीस वर्षं चालतात. दरवर्षी शंभरात चार, असा वीस वर्षांचा हिशेब मांडला तर त्या काळात निदान एकदा पाणी घरात येण्याची शक्यता शंभरात ५६ निघते. नाणं उडवून छापा पडण्यापेक्षा जास्त! तीस वर्षं राहिलात तर ७१. लाल रेषेवरचं, म्हणजे ‘शंभर वर्षांतून एकदा’वालं घर धरा, तरी तीस वर्षांत शंभरात २६. नकाशावर बारीक दिसणारी रेषा माणसाच्या आयुष्यात एवढी जाड होते.

लोकांना असले हिशेब कळत नाहीत, असं मला एका बैठकीत सांगण्यात आलं. साहेब, आमची डोंगरी येते पाटणादेवीच्या बाजूनं. तिथे पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं १२०७ साली मठ स्थापन केल्याची त्यात नोंद आहे. त्या तालुक्यातल्या माणसांना टक्केवारी झेपणार नाही म्हणता? कापसाच्या क्विंटलमागे किती रुपये कटती कापली, हे आमचा शेतकरी काट्यावर उभ्या उभ्या सांगतो.

न कळण्याचं कारण दुसरंच आहे. सांगण्याची जागाच आपण ठेवलेली नाही. सोसायटीचं पीक कर्ज घेतलं की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात बोजा चढतो. बँकेचा, विहिरीतल्या हिश्श्याचा, वहिवाटीचा, सगळ्यांचा उल्लेख येतो. जमीन निळ्या रेषेच्या आत असेल तर तिच्यावर सगळ्यात मोठा बोजा पाण्याचा, आणि नेमका तोच तिथे नसतो. खरेदीआधी वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून देतात. तीस वर्षांत ती जमीन कोणाकोणाच्या नावावर होती ते त्यात सापडतं. तीस वर्षांत तिच्यावरून किती पाणी गेलं ते सापडत नाही.

गंमत अशी की जुन्या कागदांना हे ठाऊक होतं. नाल्याखालचं क्षेत्र ‘पोटखराब वर्ग ब’ म्हणून वेगळं दाखवायची पद्धत जुनी. शेत बिनशेती झालं, लेआउट पडला, की रंगीत माहितीपत्रकात नाल्याची ‘ग्रीन बेल्ट’ होते आणि प्रत्यक्षात त्यात दोन पाईप टाकून वर मुरूम भरला जातो. पाईप मोरी बघायला चांगली दिसते. पहिल्याच जोराच्या पावसात काटक्या, प्लास्टिक आणि पऱ्हाट्या येऊन तिच्या तोंडात बसतात आणि मोरीचा बंधारा होतो. हे पाणी नदीचंही नसतं, त्यामुळे पूररेषेच्या नकाशात ते येतच नाही. गावोगावच्या अशा नाल्यांना रेषाच आखलेली नसते.

धोका फक्त पाण्याचाच नाही, हेही लिहिलं पाहिजे. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. पूर्वी जाड मातीच्या भिंती आणि वर धाबं असायचं, घर दुपारी गार राहायचं. आता उघडा स्लॅब तापतो म्हणून लोक गच्चीवर पत्र्याची शेड टाकतात. पुढे शेड रिकामी कशाला, म्हणून तिथे क्लास किंवा अभ्यासिका येते. वर जायला एकच जिना, त्याच्याखाली मीटरची पेटी आणि कोणाची तरी मोटारसायकल. २४ मे २०१९ ला सुरतेत गच्चीवरच्या अशाच क्लासला आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. सुरतेतलं उधना, लिंबायत म्हणजे आम्हाला परकं नाही. खान्देशातल्या घराघरातलं कोणी ना कोणी तिकडे आहे. त्यानंतर इकडे महिनाभर नोटिसांचा पाऊस पडला. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. जिथे यंत्रणाच बसवलेली नाही, तिथून कोण काय देणार? आणि ती शेड मंजूर नकाशात नाही, म्हणजे कागदोपत्री तो क्लासही नाही आणि तिथे बसलेली पोरंही नाहीत.

भूकंपाचं थोडक्यात. १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप आमच्या आजोबांच्या पिढीला आठवत होता. आता गल्लीगल्लीत खाली पार्किंगचे नुसते कॉलम आणि वर तीन मजले उभे राहतात. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादला अशाच इमारती बसल्या होत्या.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. धोका पत्करायचं ठरवणारा एक, तो भोगणारा दुसरा. प्लॉट पाडणारा पाडून मोकळा होतो. माझी सही झाली की माझी फी होते. तुमच्या अधिकाऱ्याची तीन वर्षांनी बदली. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं विकासकावर आहे, चांगली तरतूद आहे. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर त्या प्रकल्पाला नोंदणीतूनच सूट. तालुक्याच्या गावात बहुतेक इमारती सहा-आठ फ्लॅटच्याच! शेवटी उरतो हप्ते भरणारा. त्याच्या हातात भोगवटा प्रमाणपत्र असतं, आणि ते म्हणजे सरकारनं दिलेली खात्री, असं तो धरून चालतो.

म्हणून माझी मागणी घरं पाडण्याची नाही. पुरानंतर दोन जेसीबी आणून फोटो काढले की नाला मोकळा होत नाही, हे आपण सगळे जाणतो. मला हवी आहे ती नोंद. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात आणि शहरात मिळकत पत्रिकेवर लिहा: ‘निळ्या पूररेषेच्या आत’, ‘लाल पूररेषेच्या आत’. सातबारा महसूलचा, रेषा जलसंपदेची, हे मला माहीत आहे. पण बांधकामाला हो किंवा नाही म्हणणारी सही तुमच्या खात्याच्या नियमांवर होते, म्हणून पत्र तुम्हाला. तिन्ही खात्यांना एका टेबलाशी तुम्हीच बसवू शकता. मंजूर नकाशाच्या पहिल्याच पानावर लाल रेषेची पातळी आणि घराच्या जोत्याची पातळी शेजारी शेजारी, मीटरमध्ये, मराठीत छापणं बंधनकारक करा. नुसतं ‘जोते नियमानुसार’ चालणार नाही, कारण दर डांबरीकरणाला रस्ता चढतो आणि जोतं आहे तिथेच राहतं. आणि प्रत्येक नगरपालिकेत जोखमीची एक नोंदवही ठेवा: कुठला नाला, कुठली मोरी, कुठला जिना, शेवटचं कोणी पाहिलं, पुन्हा कधी पाहणार. त्यात पदनाम नको, माणसाचं नाव हवं. बदली झाली की वही पुढच्याला मोजून द्यायची, तलाठी दप्तर देतो तशी.

प्लॉटचे भाव पडतील, अशी ओरड होईल. पडतीलच. आज तो भाव पाणी लपवून मिळतो आहे.

सुरुवात स्वतःपासून केली आहे. माझी सही असलेली सात घरं आज निळ्या रेषेच्या आत आहेत. त्यांच्या जोत्याच्या पातळ्या मी गेल्या महिन्यात पुन्हा घेतल्या. तक्ता सोबत जोडला आहे, मालकांची नावं काढून. पत्र टाकण्याआधी सातही दारांत जाऊन आलो. चौघांनी बसवून चहा पाजला आणि किती फूट, किती फूट ते दोनदोनदा विचारलं. दोघांनी, हे बाहेर बोलू नका, पोरीचं लग्न आहे, घर विकायचं आहे, असं सांगितलं. सरांनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला आणि विचारलं, ‘हे २००३ ला का नाही लिहून दिलंत?’

आपला,
एक परवानाधारक अभियंता,
चाळीसगाव, जि. जळगाव