बार म्हणजे दुसऱ्यांदा मिळालेलं महावीर चक्र, हे लोकांना कळू द्या

मा. संरक्षणमंत्री साहेब, नमस्कार.

मागे आमच्या तालुक्यात एका कार्यक्रमात माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांचा मोठा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं 'महावीर चक्र विजेते', बस एवढंच. मी आयोजकांना म्हटलं अहो त्यांना दोनदा मिळालंय, तर म्हणाले मेडल तर एकच असतं ना. त्यांचा तरी काय दोष, कुणी सांगितलंच नाही.

आपल्याकडे तेच शौर्यपदक परत मिळालं की दुसरं मेडल देत नाहीत, ज्या रिबिनीला चक्र लटकतं तिच्यावरच एक आडवी पट्टी चढते, तोच बार. आणि मेडल न लावता नुसती रिबिन लावतात तेव्हा त्या अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या केशरी रिबिनीवर चक्राची इवलीशी प्रतिकृती बसवतात. नखाएवढी वस्तू आहे साहेब, पण वैद्यांच्या बाबतीत ती म्हणजे १९७१ ची बसंतरची लढाई, माईनफिल्डमधून, म्हणजे सुरुंग पेरलेल्या जमिनीतून, रणगाडे पुढे काढलेली. पहिलं चक्र १९६५ चं, पंजाबात असल उत्तरला डेक्कन हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचं नेतृत्व करताना पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवले त्याचं. दोन वेगळी युद्धं, सहा वर्षांचं अंतर, आणि आपण लिहितो एकच ओळ!

महावीर चक्र दोनदा मिळवणारे आजवर फक्त सहा जण आहेत. लडाखचे चेवांग रिंचेन यांना पहिलं १९४८ ला मिळालं तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे पोरगे होते, आणि बार १९७१ ला, तुर्तुकच्या मोहिमेसाठी. मला तर हे वाचूनच अंगावर काटा येतो. परमवीर चक्र अजून कुणालाच दोनदा मिळालेलं नाही, तरी त्याच्या बारसाठी रिबिनीवर छोटं वज्र लावायचं हे नियमात आधीपासून ठरलेलं आहे. म्हणजे ज्यांनी नियम केले त्यांनी एवढा बारीक विचार केला.

माझी मागणी छोटी आहे. जिथे जिथे सरकारी फलक, स्मारक, पाठ्यपुस्तकात या वीरांचं नाव येतं तिथे 'महावीर चक्र (दोनदा)' असं साध्या मराठीत लिहायला लावा, दोन्ही वर्षं टाका, आणि बाजूला रिबिनीचं रंगीत चित्र छापा, छोट्या चक्रासकट. नुसतं 'बार' लिहिलं तर लोकांना ते खालच्या दर्जाचं काहीतरी वाटतं, हे मी स्वतः ऐकलंय.

सुरुवात अलिबागपासून करा साहेब, वैद्य जन्माने तिथलेच.

आपला,
एक माजी सैनिकाचा मुलगा